वीचॅट कंटेनरमध्ये चालवायचंय, पण पासवर्ड नक्की ठेवायचे कुठे?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. मी मराठी विकिपीडियासाठी काही छोटी टूल्स विकिमीडियाच्या टूलफोर्ज होस्टिंगवर चालवते, त्यामुळे लिबेरा चॅट या आयआरसी (जुन्या पद्धतीच्या मजकुरी चॅट) नेटवर्कवर विकिमीडिया क्लाउडच्या चॅनेलमध्ये कायम असावं लागतं, आणि डेबियन लिनक्सची चर्चा ओएफटीसी या दुसऱ्या नेटवर्कवर चालते म्हणून तिथेही. आत्ता वीचॅट (WeeChat, टर्मिनलमधला आयआरसी क्लायंट, चिनी ॲप नव्हे) लॅपटॉपवर चालतं, लॅपटॉप बंद केला की मी नेटवर्कवरून गायब आणि मागे कोणी काय विचारलं ते कळत नाही. आता एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलाय, १ जीबी रॅमचा, त्यावर डेबियन १२ आणि रूटलेस पॉडमन आहे, म्हणजे रूटचे अधिकार न देता कंटेनर (प्रोग्रामसाठीचा वेगळा कप्पा) चालवणारं टूल. वीचॅट त्यावर कंटेनरमध्ये टाकायचा विचार आहे.

अडलंय ते पासवर्डांपाशी. नेटवर जी तयार कंपोज फाइल (कंटेनर कसा चालवायचा ते लिहिलेली) सापडते तिच्यात निकसर्व्हचा (नेटवर्कवर टोपणनावाचं खातं सांभाळणाऱ्या सेवेचा) पासवर्ड सरळ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून दिलेला असतो, आणि तो येतो शेजारच्याच डॉट एन्व्ह फाइलमधून. हे मला पटत नाहीये. वीचॅटमध्ये स्वतःची सिक्युअर कमांड आहे, ती पासवर्ड एन्क्रिप्ट करून सेक डॉट कॉन्फमध्ये ठेवते, इथपर्यंत समजलं. पण मग ती फाइल उघडायला जो पासफ्रेज लागतो तो कंटेनरला कसा द्यायचा? तोही व्हेरिएबलमधूनच दिला तर मिळवलं काय? शिवाय पुढे मोबाइलवरून रीलेने (चालू वीचॅटला बाहेरून जोडणारी सोय) जोडायचंय, म्हणजे अजून एक पासवर्ड आला. तुम्ही लोक हे सगळं कसं करता ते जरा सविस्तर सांगाल का.

सांगलीचा_शेल

शंका बरोबर आहे तुमची. वीचॅट पासफ्रेज नावाचं व्हेरिएबल वीचॅट सुरू होताना खरंच वाचतं, डॉक्युमेंटेशनमध्येच दिलंय, म्हणून सगळे तेच उचलतात. पण चॅट क्लायंटच्या बाबतीत व्हेरिएबल ही जास्तच वाईट जागा आहे, आणि ते का हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वीचॅटमध्ये एक्झेक नावाची कमांड असते, तिने बाहेरची कमांड चालवून उत्तर बफरमध्ये दिसतं. एक्झेक देऊन पुढे ई-एन-व्ही लिहा, झालं, कंपोज फाइलमधून व्हेरिएबलने दिलेला निकसर्व्हचा पासवर्ड स्क्रीनवर. आणि त्याच कमांडला डॅश ओ लावलं तर उत्तर चालू चॅनेलमध्ये मेसेज म्हणून जातं. चॅनेलमध्ये चारशे माणसं बसलेली असतात आणि कोणीतरी लॉग ठेवतच असतं, एकदा गेलं की परत घेता येत नाही.

त्यातच कंटेनरमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक चाइल्ड प्रोसेसला असं पासवर्डचं व्हेरिएबल वारशाने मिळतं, पायथनच्या कुठल्याही स्क्रिप्टला एका ओळीत वाचता येतं, आणि बाहेरून पॉडमनची इन्स्पेक्ट कमांड दिली तर कंटेनरच्या माहितीत ते, आणि पासफ्रेजचं व्हेरिएबलही, उघडं छापून येतं. मदत मागताना लोक इन्स्पेक्टचं अख्खं आउटपुट फोरमवर पेस्ट करतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

त्यापेक्षा फाइल. पॉडमनमध्ये सीक्रेट क्रिएट कमांडने सीक्रेट बनवा, कंटेनर सुरू करताना डॅश डॅश सीक्रेट लावून त्याचं नाव द्या, की ते आत रन-सीक्रेट्स फोल्डरमध्ये साध्या फाइलसारखं दिसतं. मग वीचॅटमध्ये सेक डॉट क्रिप्ट डॉट पासफ्रेज कमांड हा ऑप्शन आहे त्याला सांगा की कॅट चालवून ती फाइल वाच. हा ऑप्शन फक्त सेक डॉट कॉन्फ वाचताना वापरला जातो आणि व्हेरिएबल सेट नसेल तरच, म्हणून व्हेरिएबल पूर्ण काढून टाका, दोन्ही ठेवू नका. तो आउटपुटची पहिलीच ओळ घेतो, त्यामुळे फाइलच्या शेवटी न्यूलाइन आली तरी इथे बिघडत नाही. बाकी बऱ्याच प्रोग्रामना मात्र ती न्यूलाइन पासवर्डचा भाग वाटते, म्हणून इको ऐवजी प्रिंटएफची सवय ठेवलेली बरी.

सीक्रेट बनवताना पासफ्रेज कमांडमध्येच टाइप करू नका, तो बॅशच्या हिस्टरीत जाऊन बसतो. बॅशमध्ये रीड डॅश एसने घ्या, म्हणजे टाइप करताना दिसतही नाही, आणि तिथून पाइपने पॉडमनला द्या. फाइलचा यूआयडी आणि मोडही सीक्रेट लावतानाच द्या, मोड ०४०० करा, कारण काही दिलं नाही तर ०४४४ असतो, म्हणजे आतल्या कुठल्याही युजरला वाचता येतं.

एक गोष्ट जरूर तपासा. सेक डॉट कॉन्फ उघडून बघा, डेटा सेक्शनमध्ये पहिलीच ओळ पासफ्रेज ऑन अशी पाहिजे आणि खाली आकडे-अक्षरांचा लांबलचक हेक्स. ऑफ असेल तर तुम्ही पासफ्रेज दिलेलाच नाही आणि पासवर्ड तिथे जसाच्या तसा लिहिलेला असणार. सिक्युअर सेट केलं म्हणजे एन्क्रिप्ट झालं असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाहीये, आधी सिक्युअर पासफ्रेज द्यावा लागतो.

जुना_खांब

मी थोडं वेगळं बोलतो. एका माणसाच्या एका चॅट क्लायंटला कंटेनर हवाच कशाला? टीमक्समध्ये (बाहेर पडलं तरी चालू राहणारं टर्मिनल) वीचॅट उघडा, एसएसएचने जोडा, विषय संपला. वीचॅटची अपग्रेड कमांड इतकी सुंदर आहे की नवीन बायनरी टाकून चालू प्रोसेस बदलते, उघडे बफर आणि त्यातला मजकूर तसाच राहतो, टीएलएस (एन्क्रिप्टेड) कनेक्शन तेवढं तुटून आपोआप परत जोडलं जातं. कंटेनरमध्ये ते सुख गेलं, नवीन इमेज म्हणजे नवीन कंटेनर, म्हणजे वीचॅट पहिल्यापासून सुरू. पासफ्रेजचं म्हणाल तर वीचॅट सुरू होताना स्वतःच विचारतं, तेव्हा हाताने टाइप करायचा. सर्व्हरवर लिहून ठेवायची गरजच नाही.

नदीकाठ

@जुना_खांब दादा, अपग्रेडचं अगदी मान्य. पण त्याच व्हीपीएसवर माझी बाकीची दोन-तीन कामं चालतात, त्यांची डेटाबेस क्रेडेन्शियल्स त्याच होम फोल्डरमध्ये आहेत, आणि वीचॅटमध्ये मला इतरांनी लिहिलेल्या पायथन स्क्रिप्ट्स टाकायच्यात. त्या स्क्रिप्ट्सना माझं अख्खं होम दिसायला नको, कंटेनर हवाय तो एवढ्यासाठीच.

@सांगलीचा_शेल खूप आभार, एक्झेकचं करून पाहिलं आणि खरंच दिसलं की हो! फाइलची पद्धत करतेय. पण एक विचारू का, पॉडमन ते सीक्रेट स्वतःकडे ठेवतं कुठे? तिथे ते एन्क्रिप्टेड असतं ना?

ढगाखाली

नसतं. आणि हाच प्रश्न या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

पॉडमनचा नेहमीचा सीक्रेट ड्रायव्हर म्हणजे फाइल ड्रायव्हर. तुमच्याच होममध्ये डॉट लोकल, शेअर, कंटेनर्स, स्टोरेज, सीक्रेट्स असं आत आत जा, तिथे फाइलड्रायव्हर फोल्डरमध्ये सीक्रेट्सडेटा नावाची जेसन फाइल सापडेल. त्यात तुमचा पासफ्रेज बेस-६४ मध्ये आहे. बेस-६४ म्हणजे फक्त एन्कोडिंग, ते कोणीही उलटवू शकतं, कुलूप नाहीये ते. डॉकरचं सांगायचं तर स्वॉर्म मोडमध्ये सीक्रेट्स राफ्ट लॉगमध्ये एन्क्रिप्ट होऊन राहतात आणि कंटेनरमध्ये मेमरीतल्या फाइलसिस्टमवर येतात, पण स्वॉर्मशिवाय नुसत्या कंपोजमध्ये फाइलवरून सीक्रेट दिलं तर तो साधा बाइंड माउंट असतो. यूआयडी, मोड तिथे दिलेत तरी लागू होत नाहीत. शब्द एकच, सीक्रेट, आणि प्रत्येक ठिकाणी आतलं काम वेगळं.

आता तुम्ही नक्की कोणापासून लपवताय ते ठरवा, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. चुकून गळणं, म्हणजे गिटमध्ये गेलं, इन्स्पेक्टमध्ये पेस्ट झालं, इमेजच्या लेयरमध्ये राहिलं, या सगळ्यापासून सांगलीकरांची फाइलची पद्धत व्यवस्थित वाचवते. व्हीपीएसवर ज्याला तुमच्या युजरचा शेल मिळाला त्याच्यापासून ती वाचवत नाही. आणि आतल्या वाईट स्क्रिप्टपासूनही वाचवत नाही, हे तुम्हाला खास सांगतो कारण तुम्ही स्क्रिप्ट्सचा उल्लेख केलात. वीचॅट एकदा सुरू झालं की सेक डॉट डेटा मधली व्हॅल्यू इव्हॅल्युएट करून उघडी मिळते, कुठल्याही स्क्रिप्टला. कंटेनर तुमचं होम वाचवेल, पण वीचॅटचे स्वतःचे पासवर्ड वीचॅटच्या आत चालणाऱ्या स्क्रिप्टपासून वाचवू शकत नाही. म्हणून दुसऱ्याची स्क्रिप्ट टाकायच्या आधी वाचाच, बहुतेक दोन-तीनशे ओळींच्या असतात. स्क्रिप्ट नकोच असतील तर अधिकृत इमेजचा स्लिम प्रकार आहे, त्यात पायथन, पर्ल वगैरे प्लगइनच नसतात.

राहिला बॅकअप, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही होमचा बॅकअप घेत असाल तर त्या एकाच बॅकअपमध्ये सेक डॉट कॉन्फ पण आलं आणि पॉडमनची ती जेसन फाइल पण. दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवल्यासारखं आहे हे. व्हीपीएस कंपनी रोज जो स्नॅपशॉट काढते त्यातही दोन्ही जातात. तेव्हा सीक्रेट्सचं फोल्डर बॅकअपमधून वगळा, पासफ्रेज वेगळा, स्वतःच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, आणि बॅकअपला रेस्टिकसारखं काहीतरी वापरा जे मुळातच एन्क्रिप्ट करून पाठवतं. स्नॅपशॉटचं मात्र तुमच्या हातात काही नाही. ती धास्ती खरोखर असेल तर जुना_खांब म्हणतात तो मार्ग बरोबर आहे, पासफ्रेज कुठेच लिहू नका, कंटेनर सुरू झाल्यावर अटॅच करून हाताने द्या. किंमत अशी की रात्री तीनला व्हीपीएस रीबूट झाला तर तुम्ही सकाळी पासफ्रेज देईपर्यंत ऑफलाइन.

सांगलीचा_शेल

ढगाखाली यांच्याशी पूर्ण सहमत. मी त्यापुढे म्हणेन की आधी सर्व्हरवरचे पासवर्डच कमी करा, मग जे उरतील त्यांची काळजी करा.

लिबेरा आणि ओएफटीसी दोन्हीकडे क्लायंट सर्टिफिकेटने ओळख पटवता येते. ओपनएसएसएलने एक स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवा, की आणि सर्टिफिकेट एकाच पेम फाइलमध्ये. लिबेराच्या गाइडमध्ये मुदत १०९६ दिवस दिलीय, म्हणजे तीन वर्षं, तेवढी पुरे. ती पेम फाइल हेच पॉडमन सीक्रेट करा, कारण सीक्रेट म्हणजे पासवर्डच असला पाहिजे असं काही नाही, ५१२ केबीपर्यंत काहीही चालतं. मग वीचॅटमध्ये त्या सर्व्हरच्या टीएलएस सर्ट ऑप्शनला रन-सीक्रेट्समधला पाथ द्या. वीचॅट ४.० च्या आधी या ऑप्शनच्या नावात टीएलएसच्या जागी एसएसएल होतं, जुनं ट्युटोरियल बघत असाल तर गोंधळू नका.

क्रम मात्र सांभाळा. सर्टिफिकेट लावल्यावर लगेच एसएएसएलची (जोडतानाच ओळख पटवायची सोय) पद्धत एक्स्टर्नल, म्हणजे सर्टिफिकेटवरून, करू नका, कारण निकसर्व्हला ते सर्टिफिकेट अजून माहीतच नाही. आधी पोर्ट ६६९७ वर नेहमीच्या प्लेन पद्धतीने, पासवर्डनेच, पण सर्टिफिकेट लावलेल्या अवस्थेत जोडा. मग निकसर्व्हला सर्ट अॅड असा मेसेज द्या, तो चालू कनेक्शनच्या सर्टिफिकेटचं फिंगरप्रिंट (छोटी ओळखखूण) तुमच्या खात्याला जोडतो. त्यानंतर एक्स्टर्नल करा, परत जोडून बघा, जमलं की पासवर्ड सेक डॉट कॉन्फमधून डिलीट. एसएएसएल पूर्ण बंद करून आधी जोडू आणि मग आयडेंटिफाय करू असा बेत असेल तर तो टाळा, होस्टिंगच्या काही आयपी रेंजना लिबेरा एसएएसएलशिवाय आत घेत नाही आणि व्हीपीएस म्हटल्यावर तुमची रेंज त्यातली निघू शकते. ओएफटीसीवर एक्स्टर्नल वगैरे भानगड नाही, एकदा सर्ट अॅड केलं की पुढच्या वेळी जोडताच आपोआप ओळख पटते.

सर्टिफिकेट चोरीला गेलं तर चोर तुमच्या नावाने लॉगिन करू शकतो, ते आहेच. पण प्रत्येक मशीनला वेगळं सर्टिफिकेट ठेवलं की संशय आला त्या मशीनचं फिंगरप्रिंट तेवढं काढता येतं, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

रातराणी

रीलेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, कारण तिथे पासवर्डपेक्षा पोर्ट जास्त घात करतो.

रीलेचा पासवर्ड मिळाला म्हणजे समोरच्याला तुमचं अख्खं वीचॅट मिळालं, तो तुमच्या वतीने बोलू शकतो आणि कमांडसुद्धा देऊ शकतो. म्हणून तो पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवूच नका. कंटेनर चालवताना पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो व्हीपीएसच्या आतल्या आतच राहतो, आणि मोबाइलवरून वायरगार्ड व्हीपीएनने किंवा एसएसएच टनेलने आत या. वायरगार्ड असेल तर १२७ ऐवजी वायरगार्डचा आतला आयपी द्या. इथे कोणी डॉकर वापरत असेल तर जास्तच सांभाळा, डॉकर पोर्ट पब्लिश करताना स्वतःचे आयपीटेबल्सचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद दिसला तरी बाहेरून उघडा असतो. रूटलेस पॉडमनमध्ये हा प्रकार नाही, पण पत्ता न देता पोर्ट लिहिला तर तो सगळ्या इंटरफेसवर ऐकतो हे तिथेही खरंच.

रीलेचा पासवर्ड सेक डॉट डेटामधून द्या, टीएलएस चालू ठेवा. सर्टिफिकेट प्रकरणानंतर सेक डॉट कॉन्फमध्ये बहुधा हा एकच पासवर्ड उरेल तुमचा. रिकामा पासवर्ड वीचॅट मुळातच नाकारतं, पण ते चालू करून देणारा ऑप्शन आहे आणि काही लोकांच्या तयार कॉन्फिगमध्ये तो ऑन असतो, म्हणून दुसऱ्याचं कॉन्फिग उचललं तर तेवढं बघा. टीओटीपी (दर थोड्या वेळाने बदलणारा कोड) पण लावता येतं, माझ्या मते लावावंच.

अजून एक, सीक्रेटशी संबंध नाही पण पहिल्याच दिवशी वैताग येईल. कंटेनरला अटॅच केल्यावर बाहेर पडायची की कंट्रोल-पी कंट्रोल-क्यू असते, आणि वीचॅटमध्ये कंट्रोल-पी म्हणजे मागचा बफर. त्यामुळे कंट्रोल-पी दाबलं की काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबलं की चालतं. डिटॅच कीज ऑप्शन देऊन ती जोडी बदलून टाका.

नदीकाठ

किती मदत केलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. आजच्या घडीला असं उभं राहिलंय. दोन्ही नेटवर्कला सर्टिफिकेट, दोन वेगळी पेम, दोन्ही पॉडमन सीक्रेट म्हणून ०४०० मोडमध्ये. निकसर्व्हचे पासवर्ड सर्व्हरवर कुठेच नाहीत, घरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहेत. सेक डॉट कॉन्फमध्ये फक्त रीलेचा पासवर्ड, त्याचा पासफ्रेज फाइलवरून. हाताने द्यायचा विचार केला होता, पण टूल बंद पडलं की क्लाउड चॅनेलवर लोक मला तिथेच हाक मारतात, तेव्हा रीबूटनंतर आपोआप वर येणं मला जास्त गरजेचं वाटलं. सीक्रेट्सचं फोल्डर बॅकअपमधून काढलं. कंटेनरच्या सगळ्या कॅपॅबिलिटीज (रूटचे सुटे सुटे अधिकार) ड्रॉप केल्या, रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली, लिहायला फक्त वीचॅटची कॉन्फिग, डेटा आणि कॅश ही तीन फोल्डर्स.

दोन गोष्टी अडल्यात. रीबूटनंतर आपोआप सुरू व्हावं म्हणून क्वाडलेटची फाइल (कंटेनरला सर्व्हिस म्हणून चालवायचं वर्णन) लिहिली, पण सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि काल सराव म्हणून सेक डॉट कॉन्फचा पासफ्रेज बदलला, वीचॅटमध्येही बदलला, सीक्रेट डिलीट करून त्याच नावाने नवीन बनवलं, कंटेनर रीस्टार्ट केला, तर पासफ्रेज चुकीचा म्हणतंय. आत जाऊन पाहिलं तर रन-सीक्रेट्समध्ये जुनाच आहे!

ढगाखाली

दुसरं आधी घेतो. पॉडमन सीक्रेटची प्रत कंटेनर तयार होतानाच काढतं. त्याच नावाने नवीन सीक्रेट केलं तरी आधीच्या कंटेनरमध्ये जुनीच प्रत राहते, रीस्टार्टने काही होत नाही. कंटेनर काढून नव्याने तयार करा, तुमचं कॉन्फिग बाहेरच्या फोल्डरमध्ये आहे त्यामुळे काही जाणार नाही. आणि एक लक्षात घ्या, यातून असंही निघतं की सीक्रेट डिलीट केलं म्हणजे ते मशीनवरून गेलं असं नाही, जोवर जुना कंटेनर आहे तोवर त्याची प्रत आहे. पेम बदलाल तेव्हा नवीन फिंगरप्रिंट निकसर्व्हला आधी जोडा, नवा कंटेनर त्यावर लॉगिन होतोय हे बघा, मग जुनं फिंगरप्रिंट आणि जुना कंटेनर दोन्ही काढा.

क्वाडलेट पॉडमन ४.४ पासून आलं आणि डेबियन १२ मध्ये ४.३ आहे, म्हणून सिस्टमडीला ती फाइल समजतच नाही. डेबियन १३ वर गेलात तर तुमची हीच फाइल चालेल, त्यात सीक्रेट असं लिहून नाव, यूआयडी, मोड सगळं एका ओळीत देता येतं. तोवर पॉडमन जनरेट सिस्टमडीने सर्व्हिस फाइल काढा, त्याला न्यू असा ऑप्शन आहे तो नक्की लावा, म्हणजे सर्व्हिस सुरू होताना प्रत्येक वेळी कंटेनर नव्याने बनतो आणि पासफ्रेज बदलल्यावरची वरची अडचण पण येत नाही. आणि लॉगिनसीटीएलने तुमच्या युजरला लिंगर चालू केलंय का ते बघा. ते नसेल तर रूटलेस सर्व्हिस तुम्ही एसएसएचने आत येईपर्यंत सुरूच होणार नाही.

नदीकाठ

लिंगर बंदच होतं. चालू केलं, न्यू लावून सर्व्हिस फाइल काढली, रीबूट दिला, आणि मी आत न येताच दोन्ही नेटवर्कवर लॉगिन झालेलं दिसतंय. पासफ्रेज पण नवाच वाचतोय. डेबियन १३ पुढच्या महिन्यात करते.